टर्मिनस आणि बांधावरचा दगड

गेल्या उन्हाळ्यात फोपनारच्या आमच्या शेतात जमीन मोजायची मशीन आली. माणसाच्या उंचीहून थोडी लांब काठी, टोकाला उपड्या वाटीसारखी पांढरी टोपी, आणि मधे मोबाइलएवढा एक पडदा अडकवलेला. टोपीवर इंग्रजीत नाव छापलेलं होतं, टर्मिनस. ते वाचून मला जे वाटलं त्याला समाधानच म्हणावं लागेल. दादाला जाऊन वर्ष व्हायला आलं होतं. मला आता काकांना चारचौघांत खाली मान घातलेलं पाहायचं होतं, आणि ही मशीन मी त्यासाठीच मागवली होती.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. शेती त्याने सांभाळली. मी बुऱ्हाणपुरात शनवाऱ्याजवळ राहते, कॉलेजात इतिहास शिकवते. वडिलांच्या मागे जमीन दोघांच्या नावावर झाली, पण शेताचा प्रत्येक निर्णय त्याचा असायचा आणि मी सुट्टीला जाऊन केळीच्या सावलीत पुस्तक वाचत बसायची. काका म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. त्यांचं शेत आमच्या शेताला लागून आहे. आमचे आजोबा आणि त्यांचे वडील सख्खे भाऊ. वाटणी झाली तेव्हा त्या दोघांनी मधल्या बांधावर एक दगड रोवला आणि त्याला शेंदूर लावला. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन्ही घरची माणसं आपापल्या बाजूने तिथे यायची, आपापल्या बाजूने हार घालायची आणि नैवेद्य ठेवायची. त्या दगडाला आम्ही म्हसोबा म्हणत असू.

बांध कोरणं म्हणजे काय, हे शेतीवाल्यांना सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगते. जुनी बाग मोडून नवी लावताना ट्रॅक्टर फिरतो, तेव्हा नांगराचा फाळ बांधाला किंचित घासून न्यायचा. एका वेळी वीतभर. पुढच्या बागेच्या वेळी पुन्हा तेवढंच. कोणी बोललं तर म्हणायचं, ड्रायव्हरला कळलं नाही. काकांच्या ड्रायव्हरला कित्येक वर्षं कळत नव्हतं. मग एका पावसाळ्यात दगडही सरकला. काका म्हणाले, पाण्याने माती गेली, दगड पडला, आम्ही उचलून नीट ठेवला. नीट म्हणजे आमच्या बाजूला, आमच्या केळीच्या पहिल्या ओळीला चिकटून.

 दादाला भांडता येत नसे. एकदाच, मजूर घड वाहत होते त्यांच्यादेखत, त्याने काकांना विचारलं की दगड कुठे होता आणि कुठे आला. काका हसून म्हणाले, "तुझी बहीण मोठ्या कॉलेजात शिकवते ना, तिला सांग, पट्टी घेऊन ये म्हणावं." मजूर हसले. दादाही हसला, असं वहिनी सांगते. त्याचं ते हसणं मी पाहिलेलं नाही, पण ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. पुढच्या जेठात त्याचं हृदय बंद पडलं. काकांनी मारलं असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनी जे कारण सांगितलं ते मला मान्य आहे. पण त्यानंतर काकांनी जे केलं त्याला काही कारण नव्हतं.

आमच्यात भाऊकीला सुतक दहा दिवसांचं. मी लग्न केलं नाही, म्हणून माहेरचं सुतक मलाही पूर्ण. या दिवसांत आम्ही जमिनीला लोखंड लावत नाही आणि जमिनीत काही लावतही नाही. पाणी तेवढं सोडायचं, तेही शेजाऱ्याकडून. काका भाऊकीतलेच, त्यामुळे त्यांनाही ते सुतक होतं. दहाव्याला तापीच्या घाटावर इतर पुरुषांबरोबर त्यांनीही डोक्याचे केस काढले. दादाला मुलगा नाही. अग्नीच्या वेळी काकांनीच मडकं धरलं होतं; घाटावरही त्यांनीच पुढे होऊन पिंड ठेवला, आणि कावळा शिवेना तेव्हा हात जोडून मोठ्याने म्हणाले, "तुझ्या बायकोला आम्ही सांभाळू, काळजी करू नको." कावळा शिवला. लोकांचे डोळे भरून आले. माझेही.

परत येताना गाडी शेतावरून आली. काका पुढे बसले होते, मी आणि वहिनी मागे. काकांचा नुकताच भादरलेला गोटा माझ्यासमोर होता, उन्हात चमकत होता. आणि त्याच्या पलीकडे, काचेतून, मला आमचा बांध दिसला. म्हणजे बांध दिसला नाही. जिथे तो होता तिथे ओल्या मातीत केळीची कोवळी रोपं उभी होती, ओळीने, ठिबकच्या काळ्या नळीसकट. नवं पान फुटलं होतं त्यांना. आम्ही घरात चटईवर बसून दादाच्या नावाने दिवा जपत होतो तेव्हा ती लावली होती. वहिनीनेही पाहिलं. तिने माझा हात दाबला. मी तो दाब न बोलण्याचा समजले आणि गप्प बसले. तेराव्याला काका आमच्या पंगतीला जेवले. मी त्यांना दोनदा वाढलं.

त्यानंतर मी शहरात परतले आणि वर्षभर शिकवत राहिले. राग माझ्यात भडकत नाही, मुरतो. दिवाळीनंतर तहसीलमध्ये सीमांकनाचा अर्ज टाकला. पटवारी म्हणाले, बागाईत आहे, उन्हाळ्यात बघू. मी म्हटलं, आखाजीच्या आत झालं पाहिजे. दादाची पहिली आखाजी होती. घरात त्याच्या नावाने घागर भरायची होती, आणि बांधावर नैवेद्य ठेवायचा होता. तो मला काकांनी ठेवलेल्या जागी नको होता, मूळ जागी हवा होता. पटवाऱ्यांना एवढं सांगितलं नाही. नुसतं पाठीमागे लागले.

तर ती मशीन आली, बुऱ्हाणपूरच्या लालबाग स्टेशनवर उतरून, खंडव्याहून आलेल्या एका माणसाच्या खांद्यावर. बोलका माणूस. मी टोपीवरचं नाव बोटाने पुसून पाहत होते म्हणून त्याने विचारलं, "काय झालं मॅडम, धूळ आहे का?"

मी सांगितलं की हा रोमन लोकांचा देव आहे.

"मी तर आखरी स्टेशन समजून राहिलो," तो म्हणाला. "मुंबईला असतं ना, टर्मिनस."

मग मी त्याला सांगितलं, आणि पटवारी, वहिनी, भाऊकीतले एक वयस्कर आजोबा आणि कुंपणापाशी उभे असलेले काका, सगळे ऐकत होते. शिकवायची सवय आहे मला, आवाज लागतो. टर्मिनस हा हद्दीचा देव. त्याला चेहरा नाही, हातपाय नाहीत, तो नुसता दगड आहे. दोन शेतांच्या मधे रोवायचा. वर्षातून एकदा दोन्ही शेतकरी आपापल्या बाजूने यायचे, आपापल्या बाजूने हार घालायचे, मध आणि धान्य वाहायचे आणि एकत्र जेवायचे.

"हा तर आपला म्हसोबा," वयस्कर आजोबा म्हणाले.

"मग म्हसोबा नाव द्यायचं होतं मशीनला," पटवारी म्हणाले.

मशीनवाला म्हणाला, "म्हसोबा नावाची मशीन कोण घेईल साहेब, घरचे लोक पहिले नारळ फोडतील तिच्यावर."

सगळे हसले, काकाही हसले. मी थांबले नाही. जुन्या काळचा तिथला एक कायदा सांगितला, की हद्दीचा दगड जो नांगराने उपटेल तो माणूस देवाच्या तावडीत दिला जाई, आणि त्याच्याबरोबर त्याचे बैलही. कोणीही त्याला मारलं तरी मारणाऱ्याला दोष नसे. यावर कोणी हसलं नाही. काकांनी जमिनीकडे पाहिलं आणि चपलेने एक ढेकूळ फोडलं. मी ते ढेकूळ फुटताना नीट पाहिलं.

असल्या नावांचा मी पुष्कळ विचार केला आहे. ज्या देवांचे भक्त उरले नाहीत त्यांची नावं आता यंत्रांना देतात. उपग्रह, रॉकेट, संगणकातले प्रोग्राम, सगळीकडे हे जुने देव नोकरीला लागले आहेत. कोणाच्या भावना दुखावत नाहीत. बहुतेक वेळा नाव आणि काम यांचा संबंध नसतो, ऐकायला बरं वाटतं म्हणून ठेवतात. पण हे नाव ज्याने ठेवलं त्याने वाचून ठेवलं असावं. कारण त्या देवाची आणखी एक गोष्ट आहे. रोममध्ये मोठ्या देवासाठी देऊळ बांधायचं ठरलं तेव्हा तिथल्या सगळ्या लहान देवांना जागा सोडायला सांगितलं. बाकीचे हलले. टर्मिनस हलला नाही. शेवटी देऊळ त्याच्याभोवती बांधलं आणि त्याच्या डोक्यावरच्या छताला भोक ठेवलं, कारण त्याला उघडं आकाश लागे. ही मशीनही तशीच. तिला आकाशातले उपग्रह दिसले तरच ती जागा सांगते. आमच्या रिकाम्या तुकड्यात तिने क्षणात सांगितली. पटवाऱ्यांनी नकाशावरचे चांदे, म्हणजे सरकारी खुणेचे दगड, एकेक करून जुळवले. मशीनवाला काठी घेऊन पडद्यावरच्या बाणामागे चालत गेला. बाण त्याला आमच्या शेतातून घेऊन गेला, शेंदूर लावलेल्या दगडाच्या पुढे गेला, काकांच्या केळीत शिरला. पहिली ओळ, दुसरी ओळ. आणि तिथे मशीन अडली.

काकांची केळी मोठ्या जोमाची होती, हे मान्य केलं पाहिजे. डोक्यावर पानांना पान लागलेलं, खाली हिरवा अंधार, घडांना बांबूचे टेकू दिलेले. मशीनवाल्याने काठी इकडे धरली, तिकडे धरली. "हिला आसमान दिसून नाही राहिलं," तो म्हणाला. "अंदाजा सांगते, पक्कं सांगत नाही." दोन रस्ते होते. बाहेरच्या पक्क्या खुणेपासून टेप लावून मोजायचं, त्यात हातभर मागे-पुढे होऊ शकतं. नाही तर वरची चार-पाच झाडं काढायची म्हणजे आकाश मोकळं होईल.

पटवारी म्हणाले, टेपने करू, ऊन वाढतंय, हातभराने काय होतं.

मी म्हटलं, झाडं काढा.

काका पुढे आले. घाटावर पिंड ठेवला होता तेव्हाचाच आवाज होता त्यांचा, मऊ, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "पोरी, घड पाऊण भरले आहेत. थोड्या दिवसांत कापणी होते. तेव्हा तूच ये मशीन घेऊन, मी स्वतः काठी धरतो. भरल्या केळीला कोयता लावू नये."

वयस्कर आजोबांनी मान हलवली. वहिनीही माझ्याकडे तशाच नजरेने पाहत होती. केळीवाल्या घरात हे कोणालाही पटलं असतं. घड लागलेलं झाड आम्ही तोडत नाही. दादानेही नसतं तोडलं.

मी वर्षभर जे वाक्य जपून ठेवलं होतं ते तेव्हा म्हटलं. "काका, ही झाडं तुम्ही सुतकात लावली."

आवाज चढवला नव्हता. पण केळीच्या बागेत वारा नसला की हळू बोललेलंही ऐकू जातं. पटवारी पडद्याकडे पाहू लागले. वयस्कर आजोबांनी घडाकडे वर पाहिलं, मग खोडाकडे, मग काकांकडे. ते मनात महिने मोजत होते, हे ओठांवरून कळत होतं.

"खरं आहे का हे?" त्यांनी विचारलं.

काका नाही म्हणू शकले असते. घडावरून इतकं नेमकं कोणालाच कळत नाही. माझ्या शब्दाविरुद्ध त्यांचा शब्द राहिला असता, आणि गावात त्यांचा शब्द जड आहे. पण ते हिशेबी माणूस. त्यांना कारण देण्याची सवय होती आणि त्या सवयीने त्यांना दगा दिला. म्हणाले, "रोपं येऊन पडली होती नर्सरीतून. पिशवीत वाळून गेली असती. माणूस तर गेलाच होता."

शेवटचं वाक्य त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. 

"मग डोकं कशाला भादरलं?" आजोबा म्हणाले. "रोपांबरोबर लावून घ्यायचं होतं तेही." आणि ते वळून बागेबाहेर गेले. भाऊकीतल्या कुठल्याही कार्यात पहिलं पान त्यांचं असतं. ते तसे वळून गेले याचा अर्थ तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना कळला.

मशीनवाल्याने कोयता कुठे मिळेल असं विचारलं. मी म्हटलं, झाडं ज्यांची आहेत तेच कापतील. आणि काकांना म्हटलं, "तुम्हीच कापा."

त्यांनी कापली. खुरपणीच्या बाईकडून कोयता घेतला, टेकू काढला, एक हात खोडाला लावला आणि तिरका घाव घातला. केळीचं खोड म्हणजे नुसतं पाणी आणि दोऱ्या, एका घावात झाड वाकतं. घड जमिनीवर आपटला तेव्हा खालच्या फण्या चिरडल्या आणि चीक उडून त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडला. केळीचा चीक कपड्यावरून जात नाही. दुसरं झाड, तिसरं. प्रत्येक झाडाबरोबर वर निळा तुकडा वाढत गेला. त्यांना धाप लागली, वय झालं आहे त्यांचं. कोणी हातातून कोयता घेतला नाही. मीही घेतला नाही, आणि घ्यावा असं मला वाटलंही नाही. मी दादाचं ते न पाहिलेलं हसणं आठवत उभी राहिले. मशीन वाजली. मशीनवाला म्हणाला, "पक्कं." काठीचं टोक काकांच्या तिसऱ्या ओळीच्या पलीकडे, बुंध्याशी टेकलं होतं.

तिथे खड्डा खणला. पूर्वी रोमन लोक हद्दीच्या दगडाखाली राख आणि कोळसा पुरत, म्हणजे दगड हलवला तरी जागा कळावी. आमच्या आजोबांनीही काही पुरलं असेल असं मला वाटलं होतं. केळीची मुळं निघाली फक्त. दगड उचलून आणला आणि त्यात बसवला. आखाजीला वहिनीने पुरणपोळी आणि आंब्याचा रस केला. आम्ही दोघींनी आमच्या बाजूने हार घातला, दादाचा नैवेद्य ठेवला. काकांच्या बाजूने कोणी आलं नाही. दगडाची ती बाजू मी कोरडी ठेवली.

आता तीन ओळी आमच्या जमिनीत उभ्या होत्या, काकांनी लावलेल्या, खत घातलेल्या, भरत आलेल्या घडांच्या. काकांनी वहिनीला निरोप पाठवला की जमीन तुमची, पण एवढे घड आम्हाला कापू द्या. वहिनी म्हणाली, देऊन टाकू.

मी नाही म्हटलं. मग ती म्हणाली, आपण कापू. मी तेही नको म्हटलं. त्यांच्या हातचं आपल्या ट्रकमध्ये चढवायचं नाही.

"मग करायचं काय त्यांचं?"

"काही नाही. राहू दे झाडावर."

तिला आधी समजलंच नाही. आमच्याकडे केळ झाडावर पिकत नाही. हिरवं कापतात, ट्रकमध्ये भरतात, ते दूर कुठेतरी पिकतं. झाडावर पिवळा झालेला घड म्हणजे घरात माणूस उरलं नाही याची खूण. समजलं तेव्हा ती चुलीपुढून उठली. "ताई, तुम्ही शनवाऱ्याला निघून जाल," ती म्हणाली. "मला रोज त्यांच्या शेजारी पाणी भरायचंय." ती खोटं बोलत नव्हती. मी तरी ऐकलं नाही. जमिनीत माझंही नाव आहे, एवढंच म्हटलं. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलू लागली, ते आजपर्यंत.

कॉलेजला सुट्टी होती. मी फोपनारलाच राहिले. काकांची कापणी झाली, ट्रक भरून गेले, आणि त्यांच्या रिकाम्या होत गेलेल्या बागेच्या कडेला आमच्या तीन ओळी घडांसकट उभ्या राहिल्या. आधी वरच्या फणीतलं एक केळ पिवळं पडलं, मग फणीच्या फणी. सालं तडकली. पोपट आले, खारी आल्या, संध्याकाळी वटवाघळं. गोड, आंबूस वास सुटला आणि वाऱ्याबरोबर काकांच्या घरापर्यंत जाऊ लागला. गावातली माणसं रस्त्यावरून जाताना थांबून पाहत. कोणाचे आहेत हे त्यांना विचारावं लागत नव्हतं. मी रोज सकाळी बांधावर खुर्ची टाकून बसत असे. मांडीवर पुस्तक असे, पण पान उलटत नसे.

एक दिवस काका आले. दगडाच्या पलीकडेच थांबले, पाय अलीकडे टाकला नाही. बराच वेळ घडांकडे पाहत होते. पिकलेल्या केळ्यांतून माश्या घोंगावत होत्या. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुझ्या भावाने असं केलं नसतं."

"नसतंच केलं," मी म्हटलं. "म्हणून तर तुम्ही इथपर्यंत आला होतात."

 ते आपल्या बाजूने, कापलेल्या खोडांमधून वाट काढत, घराकडे गेले. मी ते दिसेनासे होईपर्यंत पाहिलं आणि खुर्ची उन्हातून थोडी सावलीत सरकवली. अजून निम्मे घड हिरवे होते.